हळदीच्या पाण्याची नळी

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला,
जिथं कुठलाही एअर फिल्टर उघडला की पिवळा निघायचा,
दस्तगीर तांबोळींनी श्वास मोजायचं यंत्र केलं होतं:
एक भंगारातला व्हॅक्यूम क्लीनर,
मिरजेच्या दवाखान्यातून आणलेली सलाइनची नळी
नालासारखी वाकवून फळीला ठोकलेली,
शेजारी कुणाच्या तरी दप्तरातली लाकडी पट्टी.
नळीतलं पाणी दिसावं म्हणून
चिमूटभर हळद.

हेड त्यावर बसवायचं, व्हॉल्व्ह नखभर उघडायचा, बघायचं.
पाणी जितकं कमी चढेल
तितकी वाट मोकळी.
"हवा ढकलून आत जात न्हाई, सर्ज्या.
पिस्टन खाली गेला की जागा रिकामी हुती,
मग ती आपसूक येती.
वाटंत कुणी आडवं यिऊ ने, एवढंच आपलं काम."

आडवं येणारं पुष्कळ असतं.
ओतकामात राहिलेला दाणा,
गॅस्केटची आत डोकावणारी कड,
कार्ब्युरेटरचं तोंड आणि हेडचं तोंड
केसभर न जुळलेलं.
डोळ्यांना तिथलं काही दिसत नाही.
करंगळी घालून शिकलो मी ते सगळं.
माझ्या करंगळीचं नख अजून काळंच येतं.

चाचा उरुसाला मिरजेत गेले, पाच दिवस.
बिरनाळे मास्तरांची बासष्ट सालची बुलेट
उघडी पडली होती, आणि मी एकोणीस वर्षांचा.
ग्राइंडर लावला.
भोक वाढवलं. मग आणखी थोडं.
एमरी, बारीक एमरी, शेवटी ब्रासो,
पोर्टमध्ये बल्बची तार उलटी दिसेपर्यंत.
नळीतलं पाणी हललं न हललं.
मी फळीवर तारीख लिहिली. सहीसुद्धा केली.

मास्तर पंचविसाच्या पुढं कधी गेले नाहीत.
मागं काकू, काकूंच्या मांडीवर पेटी,
दर गुरुवारी बस्तीत भजनाला.
आयर्विन पुलावर उसाच्या ट्रॅक्टरमागं
गाडी खोकली, दोनदा फुरफुरली, बसली.
ढकलत आणली त्यांनी. मागून काकू
चालत, पेटी डोक्यावर.

चाचांनी करंगळी आत घातली
आणि बराच वेळ तशीच ठेवली.
"घोडं पळवायचं हेड केलंस की रं.
वाट लई रुंद झाली. हवा आता
बाजारला आल्यागत रेंगाळत येती,
तिनं बोळातनं सुटल्यागत यायला पायजे.
आन हे आरसं कशाला?
गुळगुळीताला पेट्रोल चिकटून बसतंय,
खरखरीत असलं तर हवा त्येला उचलून नेती."
मग, माझ्याकडं न बघता:
"मास्तर कसं जात्यात, इचारलंवतंस?"

नव्हतं विचारलं.

कुपवाडला वेल्डिंग करून आणलं, सात आठवडे पगार कापून.
भरलेलं पुन्हा कोरलं त्यांनी, हातानं, गोल कानशीनं,
आधीच्यापेक्षा जरा अरुंदच,
आणि एमरी माझ्या हातातून काढून घेतली.
नळीत पाणी चढलं. बऱ्यापैकी चढलं.
माझ्या सहीच्या वर कुठंतरी.
चाचा म्हणाले, बांध.

त्या गुरुवारी मी पुलाखाली घाटावर जाऊन बसलो.
वरून ती गेली, हळू,
एकेक ठोका वेगळा मोजता येईल अशी.
काय वाटलं ते आज नीट सांगता येत नाही.
एवढं आठवतं की मी
ती पूल संपेपर्यंत
श्वास सोडला नव्हता.

आता विश्रामबागेत माझं दुकान आहे.
पोरं जुन्या गाड्या आणतात,
मोठा कार्ब्युरेटर, मोठं भोक, सगळं मोठं हवं असतं.
मी आधी विचारतो, मागं कोण बसतं.
त्यांना वाटतं, म्हातारा चहाटळ आहे.

फळी भिंतीवर आहे. नळीतलं पाणी कधीच आटलं,
आत एका उंचीवर पिवळी कड राहिलीय.
कुठल्या हेडची ती,
चाचांनी लिहून ठेवलेलं नाही.